उशाशी बसून सापडलेले औषध

रात्री साडेनऊचा सुमार. जेवणे आटोपून घरात निजानीज चाललेली. सहा-सात वर्षांचा मुलगा परड्यात जाऊन परत येत असतो. जळणाच्या ढिगाजवळ पायाला काहीतरी टोचते आणि तो किंचाळतो. बॅटरीच्या उजेडात नांगी वर केलेला तांबूस विंचू दिसतो. चप्पल पडते, विंचू मरतो. आजी मेलेल्या विंचवाकडे बघून म्हणते, ‘‘इंगळी न्हवं, बारकं हाय. हुईल बरं सकाळपतूर.’’

शाहूवाडीपासून चंदगडपर्यंत कोल्हापूर जिल्ह्यातील कोणत्याही वाडीत असे घडू शकते. पुढच्या अर्ध्या तासात मुलाचा शर्ट घामाने भिजतो. दोनदा उलटी होते. तोंडातून लाळ गळते. मग रडणे थांबते आणि मूल गप्प पडून राहते. घरच्यांना हायसे वाटते. नेमके इथेच फसायला होते. कारण त्या मुलाचे हातपाय हाताला लावून बघितले, तर ते बर्फासारखे गार असतात.

गार पडलेल्या या हातापायांचा अर्थ काय, हे आज वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. तो अर्थ लावण्याचे मोठे काम झाले ते आपल्या शेजारच्या कोकणात. ते करणारे डॉक्टर म्हणजे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे त्यांचे आत्मचरित्र अनेक मराठी वाचकांना परिचित आहे. नावातला ‘बॅरिस्टर’ वाचून श्रीमंत घराची कल्पना केली, तर ती चुकीची ठरेल. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातले देहेड हे त्यांचे गाव. घर शेतकऱ्याचे. मिळेल ते काम करत शिकलेला हा मुलगा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडला. गरिबीतून वर आलेल्या माणसाची कहाणी म्हणून हे आत्मचरित्र वाचले जाते, आणि ती कहाणी आहेच. पण आरोग्याच्या दृष्टीने त्या आयुष्यातला खरा ऐवज वेगळा आहे. हातात औषध नसताना मरणाच्या दारातल्या मुलाजवळ बसलेल्या डॉक्टरने काय करायचे, हा प्रश्न त्या आयुष्याने सोडवून दाखवला.

बिरवाडीच्या रात्री

१९७६ मध्ये डॉ. बावस्कर रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जांभ्या दगडाचा, भाताच्या खाचरांचा आणि कौलारू घरांचा हा मुलूख. विंचू चावलेले रुग्ण तिथे वरचेवर येत, आणि त्यात मुले असत. काही मुले नुसती ठणक सोसून दुसऱ्या दिवशी हसत घरी जात. काहींना मात्र काही तासांत धाप लागे, तोंडाला लालसर फेस येई आणि डोळ्यांदेखत ती दगावत.

असे का होते, याचे उत्तर रोजच्या वापरातल्या पाठ्यपुस्तकांत नीट मिळत नव्हते. विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी साचते, याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत १९६१ पासून येऊ लागल्या होत्या. पण त्या मुलाला वाचवायचे कसे, हे आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला कोणी सांगत नव्हते. त्या काळी ‘लिटिक कॉकटेल’ म्हणून ओळखले जाणारे गुंगी आणणाऱ्या औषधांचे मिश्रण, स्टिरॉइड, अॅट्रोपिन, अॅलर्जीची इंजेक्शने असे बरेच काही दिले जाई. तरीही गंभीर दंश झालेल्यांपैकी साधारण २५ ते ३० टक्के रुग्ण दगावत. म्हणजे तीन-चार मुलांमागे एक.

आरोग्य केंद्रात हृदयावर नजर ठेवणारी यंत्रे नव्हती, अतिदक्षता विभाग नव्हता. डॉक्टरकडे होते ते स्टेथोस्कोप, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, घड्याळ आणि कागद. डॉ. बावस्कर यांनी तेच वापरले. रुग्णाच्या उशाशी थांबायचे आणि नोंदी करायच्या. घाम कधी सुटला, उलटी केव्हा झाली, नाडी मंद आहे की जलद, रक्तदाब किती, हातपाय केव्हा गार पडले आणि केव्हा कोमट झाले.

अशा नोंदी एकापुढे एक ठेवल्यावर त्यातून एक क्रम दिसू लागला. ज्यांना फक्त दंशाच्या जागी कळ होती, ते बहुधा सुखरूप राहत. ज्यांना सुरुवातीलाच उलटी, भरपूर घाम, लाळ आणि हातापायांचा गारवा होता, त्यांच्या हृदयावर पुढे संकट येत होते. मुलग्यांमध्ये आणखी एक खूण असे, ती म्हणजे लिंग ताठर राहणे. ही गोष्ट सांगायला घरची माणसे लाजतात आणि विचारायला डॉक्टर विसरतात, पण विष अंगात भिनल्याची ती ठळक खूण आहे. धोक्याच्या या आगाऊ लक्षणांवरचा डॉ. बावस्कर यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

त्या लेखातल्या खुणा पाहण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. घाम, उलटी, लाळ आणि गार हातपाय या गोष्टी आईलाही कळतात. फक्त त्यांचा अर्थ माहीत हवा.

मोटर चालू, व्हॉल्व्ह बंद

आपल्याकडे विंचवाचे दोन प्रकार लोक ओळखतात. मोठी, काळी इंगळी दिसायला भयंकर असते. तिच्या दंशाने वेदना होतात, पण जीव जाण्याचा धोका कमी असतो. आकाराने लहान असलेला तांबडा विंचू खरा घातक. तो पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि कर्नाटकाच्या काही भागांत आढळतो. ‘बारकं हाय’ म्हणून निश्चिंत होणारी आजी म्हणूनच चुकते.

या विंचवाचे विष मज्जातंतूंवर काम करते. मज्जातंतूंच्या पेशींना सोडियमच्या ये-जा करण्यासाठी सूक्ष्म दारे असतात. संदेश गेला की ती मिटतात. विषामुळे ती वेळेवर मिटत नाहीत आणि मज्जातंतू संदेशांवर संदेश सोडत राहतात. पहिल्या टप्प्यात घाम, लाळ, उलटी, मंद नाडी अशी लक्षणे दिसतात. पाठोपाठ अॅड्रेनालिन आणि नॉरअॅड्रेनालिन ही रसायने रक्तात लोटतात. संकटात धावायला बळ देणारी ही रसायने इथे प्रमाणाबाहेर वाढतात. त्यामुळे अंगभरच्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हातापायांकडे रक्त कमी जाते, म्हणून ते गार पडतात.

शेतकऱ्याला हे चटकन समजेल. विहिरीवरची मोटर चालू आहे आणि पुढचा व्हॉल्व्ह बंद केला आहे. पाणी पुढे जायला वाट नाही, पाइपात दाब वाढतो आणि सगळा ताण मोटरवर येतो. इथे हृदय म्हणजे मोटर आणि आवळलेल्या रक्तवाहिन्या म्हणजे बंद व्हॉल्व्ह. सुरुवातीला रक्तदाब वाढतो. नंतर हृदय थकते, रक्त मागे फुप्फुसांत तुंबते आणि त्यातला द्रव श्वासाच्या जागेत झिरपतो. धाप, खोकला, लालसर फेस ही त्याची पुढची पायरी.

लहान मुलांना धोका जास्त का, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. विंचू माणूस बघून विष कमी-जास्त सोडत नाही. साठ किलोच्या माणसाच्या अंगात जेवढे विष जाईल, तेवढेच पंधरा किलोच्या मुलात गेले, तर किलोमागे त्याचा मारा चौपट होतो.

गोळीपर्यंतचा रस्ता

एम.डी. झाल्यानंतर डॉ. बावस्कर यांनी शहरात दवाखाना थाटला नाही. ते पुन्हा कोकणातच आले आणि पुढे महाडला स्थिरावले. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात बरोबरीने उतरल्या. पुढच्या अनेक शोधनिबंधांवर दोघांची नावे आहेत.

रोगाचा क्रम कळला होता, आता इलाज हवा होता. रक्तवाहिन्या आवळल्यामुळे हृदय थकत असेल, तर त्या सैल केल्या पाहिजेत, हा विचार सरळ होता. सुरुवातीला सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध शिरेतून देऊन पाहिले गेले. मरणाच्या दारातले रुग्ण त्याने परत येऊ लागले. पण या औषधाचा थेंबन् थेंब मोजून द्यावा लागतो आणि रक्तदाब सतत तपासावा लागतो. मोठ्या रुग्णालयात ते जमेल. वीज गेलेल्या आरोग्य केंद्रात, एकट्या डॉक्टरला मध्यरात्री ते कसे जमावे?

त्यातून नजर वळली प्राझोसिनकडे. हे औषध उच्च रक्तदाबासाठी वापरात होते. रक्तवाहिन्यांवर ज्या जागी नॉरअॅड्रेनालिन चिकटते आणि त्या आवळते, नेमकी तीच जागा प्राझोसिन अडवून धरते. म्हणजे बंद झालेला व्हॉल्व्ह हलके हलके उघडते. शिवाय ती साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. १९८६ मध्ये या उपचाराचे निष्कर्षही ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. प्राझोसिनचा वापर सुरू झाल्यानंतर बावस्कर दांपत्याच्या नोंदींमध्ये मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपासून एक टक्क्याच्या घरात उतरले. दुसऱ्या कामासाठी तयार झालेली गोळी कोकणातल्या मुलांसाठी जीवरक्षक ठरली.

हा उपचार करतानाही लक्ष ठेवणे सुटत नाही. पहिल्या गोळीनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, विशेषतः उभे केल्यास. म्हणून गोळी दिल्यावर मुलाला आडवेच ठेवायचे असते. रडणाऱ्या लेकराला कडेवर उचलून घेणे हा आईचा स्वभावधर्म, पण या वेळी तो आवरावा लागतो. ‘बाळाला उचलू नका’ ही सूचना औषधाइतकीच महत्त्वाची. साधारण तीन तासांनी मूल पुन्हा तपासायचे आणि हातपाय कोमट होईपर्यंत गरजेप्रमाणे पुढची मात्रा द्यायची. औषध लागू पडले की नाही, हे तळपायाला हात लावून कळते. १९७० च्या दशकात वहीत उतरवलेली ‘हातपाय गार’ ही नोंद अशी उपचाराची मोजपट्टी बनली.

प्रतिविष आले, गोळी राहिली

पुढे मुंबईच्या हाफकिनमध्ये तांबड्या विंचवाच्या विषावर घोड्यांच्या रक्तद्रवापासून प्रतिविष तयार होऊ लागले. ते रक्तातल्या विषालाच निकामी करते. मग प्रश्न आला, गोळी पुरे की प्रतिविषही हवे?

याच सुमारास अमेरिकेतही हाच प्रश्न तपासला जात होता. अॅरिझोना राज्यात तिथल्या स्थानिक विंचवाच्या दंशाने अत्यवस्थ झालेल्या १५ मुलांवर एक अभ्यास झाला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिविष मिळालेल्या आठही मुलांची लक्षणे चार तासांत गेली. न मिळालेल्या सातांपैकी एकाचीच गेली. पण ही मुले होती सुसज्ज बाल अतिदक्षता विभागात, आणि तो विंचूही वेगळ्या जातीचा.

आपल्या तांबड्या विंचवासाठीचे उत्तर महाडमधून आले. बावस्कर दांपत्याने ७० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. ३५ जणांना फक्त प्राझोसिन, तर ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही. दहा तासांनी पाहिले, तेव्हा दोन्ही मिळालेल्यांपैकी ३२ जण पूर्ण बरे होते. फक्त गोळी मिळालेल्यांपैकी आठच. बरे व्हायला लागणारा सरासरी वेळ १७.७ तासांवरून ८ तासांवर आला. २०११ मध्ये हा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केला. तालुक्याच्या गावातल्या रुग्णालयात झालेले हे काम तेव्हापासून जगभरच्या डॉक्टरांना उपलब्ध आहे.

या अभ्यासाची मर्यादाही समजून घ्यायला हवी. त्यात हृदय किंवा फुप्फुसे आधीच निकामी होऊ लागलेले रुग्ण घेतलेले नव्हते. प्रतिविष लवकर दिले, तर त्याचा उपयोग. विषाने आपले काम करून टाकल्यावर, अॅड्रेनालिनचा लोट येऊन गेल्यावर, ते मागे फिरवता येत नाही. तेव्हा भरवसा प्राझोसिनवर आणि अतिदक्षतेच्या उपचारांवरच. थोडक्यात, प्रतिविष आले म्हणून गोळी जुनी झाली नाही. दोन्ही हवेत, आणि दोन्ही वेळेत हवेत.

डॉ. बावस्कर यांना २०२२ मध्ये ‘पद्मश्री’ जाहीर झाली. सन्मान मोठा आहेच. पण आत्मचरित्र मिटल्यावर वाचकापुढे राहतो तो त्याहून जवळचा प्रश्न. हे सगळे ठाऊक असताना आपल्या जिल्ह्यातल्या मुलापर्यंत ते पोचते का?

वाडी ते सीपीआर

कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले ‘सीपीआर’, आहे. मोठी खासगी रुग्णालये आहेत. पण गगनबावडा इथून पंचावन्न किलोमीटर, तर चंदगड शंभरावर. पावसाळी रात्री, घाटाच्या वळणांवर हे अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नसतो. विष मात्र मिनिटांचा हिशेब ठेवते. लक्षणे बहुधा पहिल्या काही तासांतच वाढत जातात. त्यामुळे मुलाचे भवितव्य मोठ्या रुग्णालयाइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, वाटेवरच्या पहिल्या आरोग्य केंद्रात ठरते. तिथे गोळी आहे का, प्रतिविष आहे का, रात्री ते देणारे कोणी आहे का, या तीन प्रश्नांवर बरेच अवलंबून असते. गावच्या ग्रामसभेत रस्त्या-गटाराबरोबर हे तीन प्रश्नही विचारायला हरकत नाही. उन्हाळा संपताना आणि पावसाच्या तोंडावर विंचू जास्त बाहेर पडतात. त्यामुळे ते आधीच विचारलेले बरे.

धोका कोणाला जास्त, हेही लपलेले नाही. जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्यांना, अनवाणी चालणाऱ्यांना, जळणात, शेणीच्या ढिगात, वैरणीत आणि उसाच्या पाचटात हात घालावा लागणाऱ्यांना. ऊसतोड मजुरांच्या खोपीतली आणि वीटभट्टीवरची मुले यात पहिल्या ओळीत असतात. त्यांचे गाव इथले नसते, आरोग्य केंद्र कुठे आहे हे आई-बापांना माहीत नसते. कारखान्याच्या चिटबॉयने किंवा फडाच्या मालकाने पहिल्याच दिवशी ते दाखवून ठेवले, तरी एखाद्या रात्री खूप फरक पडेल.

मंत्र घालून विष ‘उतरते’ असा अनुभव अनेक जण सांगतात. त्यामागचे कारणही त्या जुन्या नोंदींत सापडते. बऱ्याच दंशांत विष अंगात भिनतच नाही. नुसती कळ असते आणि ती काही तासांत आपोआप ओसरते. श्रेय मांत्रिकाला मिळते. विष भिनलेल्या मुलाचे मात्र तेच दोन-तीन तास वाया जातात. मंत्राने विष उतरले की ते मुळात चढलेच नव्हते, हे घरातल्या माणसाला त्या क्षणी कळणार नाही. म्हणून वाट बघण्याचा धोका पत्करायचाच नाही.

साडेनऊला चावलेल्या त्या मुलाचे हातपाय दहा वाजता गार लागले आणि घरच्यांनी त्याचा अर्थ ओळखला, तर साडेदहापर्यंत ते आरोग्य केंद्रात असू शकते. गोळी मिळाली, प्रतिविष मिळाले, आईने उचलून न घेता उशाशी बसून राहायचे कबूल केले, तर पहाटेपर्यंत त्याचे तळपाय पुन्हा कोमट झालेले असतील. तेवढ्यासाठीच एका डॉक्टरने कित्येक रात्री जागून काढल्या.

विंचू चावल्यास

• मुलाला आडवे ठेवा, धीर द्या आणि लगेच जवळच्या आरोग्य केंद्रात न्या. गरज पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

• घाम, उलटी, लाळ, गार हातपाय, मुलग्यात लिंग ताठर होणे, धाप, खोकला यांपैकी काय आणि किती वाजता सुरू झाले, ते लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना न लाजता सांगा.

• रडणे थांबले, कळ कमी झाली म्हणून घरी थांबू नका. हातापायांना हात लावून पाहा.

• दंशाच्या जागी कापू नका, चोखू नका, वर घट्ट दोरी बांधू नका.

• प्राझोसिन ही घरच्या घरी द्यायची गोळी नाही. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांतून काहीही देऊ नका.

• काय चावले ते दिसले नसेल, तर साप समजूनच रुग्णालय गाठा. मण्यारीच्या दंशाला कळ जवळजवळ नसते; पापण्या जड होणे, पोटात दुखणे ही तिची लक्षणे आणि तिचा उपचार वेगळा.

• विंचू पकडण्यात वेळ घालवू नका. सहज जमल्यास मोबाइलवर फोटो काढा.

• रोजची काळजी : जळण आणि शेणी घरापासून दूर रचा, भिंतीच्या भेगा बुजवा, चप्पल-बूट आणि अंथरूण झटकून घ्या, रात्री बॅटरी व पायात चप्पल असू द्या, शक्यतो मुलांना खाटेवर झोपवा.